खालच्या मजल्यावरची खोली

मला लोक शंकेखोर म्हणतात. सासरी म्हणतात, माहेरी म्हणतात, कॉलेजात पाठीमागे म्हणतात आणि वेळ पडली तर तोंडावरही म्हणतात. मी नाकारत नाही. वडील लातूरच्या बाजारात डाळमिलसाठी तूर-हरभरा खरेदी करायचे. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या मालावर त्यांनी जन्मात कधी भाव बोलला नाही. कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ वर काढायची, तळहातावर पसरायची, फुंकर मारायची आणि मग तोंड उघडायचं. "वरचा माल दाखवायचा असतो, तळचा विकायचा असतो," असं म्हणायचे. मी शाळेत असताना या माणसाने माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी ते उजेडात धरून पाहिलेलं आहे.

पण त्यांच्याही शंकेला एक वेस होती. माणूस आपला असेल, म्हणजे गावचा, भावकीतला, पाव्हण्यारावळ्यातला, तर त्याच्या पोत्यात हात घालायचा नाही. तो बाजाराचा रिवाजच होता. आपल्या माणसाच्या पोत्यात हात घालणं म्हणजे चारचौघांत त्याला खोटारडा म्हणणं. मग अशा पोत्यांत खडे निघाले तरी वडील घरी येऊन गुमान जेवायचे. मला तेव्हा ते फार मोठ्या मनाचं वाटायचं.

मी नांदेडला एका खासगी मेडिकल कॉलेजात शिकवते. माझ्या विषयाला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याला, पोरं पीएसएम म्हणतात. साथी, लसी, पिण्याचं पाणी, संडास असा सगळा त्यात कारभार. हृदयाचा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना संडासाचं शिकवायचं म्हणजे वर्गात निम्मे झोपलेलेच असतात. आमच्या पुस्तकात युद्धाला अर्धं पान आहे, तेही पूर आणि भूकंप यांच्या पंक्तीला बसवलेलं. मला ते कधी पटलं नाही. भूकंप कुणी ठरवून करत नाही. युद्ध ठरवून होतं आणि ते चालू राहण्यात कुणाचा ना कुणाचा फायदा असतो. मलेरियाची साथ आली की आपण डबकं शोधतो. युद्धाने माणसं आजारी पडायला लागली की तो फायदा कुठे साचलाय ते शोधावं, असं मी वर्गात सांगते. पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येतं का? येत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी डीननी मला केबिनमध्ये बोलावलं. लातूरला एक संस्था आहे. आधी क्लासेस चालवायची, आता पोरांना परदेशात डॉक्टरकीला पाठवते. ज्या देशात पाठवते तिथे युद्ध चालू आहे. "युद्ध दुसऱ्या टोकाला आहे, आपली पोरं या टोकाला," असं ते आईबापांना नकाशावर बोट ठेवून दाखवतात. पण उन्हाळ्याआधी याच टोकाला, पोरांच्या हॉस्टेलशेजारी काहीतरी येऊन पडलं आणि काचा फुटल्या. पोरं सुट्टीला घरी आली. आता आईबाप परत पाठवायला बिचकत होते. म्हणून संस्थेने लातूरला एक शिबिर ठरवलं होतं. पोरांची तपासणी करायची, परत जायला तब्येत ठीक आहे असा दाखला द्यायचा आणि आधी मी युद्ध आणि आरोग्य यावर भाषण ठोकायचं.

"तुमची भाचीही त्यांच्यातच आहे ना? म्हटलं, तुम्हालाही बरं वाटेल," डीन म्हणाले.

मला बरं वाटलं नाही. संस्थेचे चालक, ज्यांना सगळं लातूर नुसतं 'सर' म्हणतं, ते आमच्या कॉलेजच्या मंडळावर आहेत. आमच्याकडे रबरी पुतळ्यांवर छाती दाबायला शिकवायची जी झकपक लॅब आहे, ती त्यांनीच दिलेली. मी डीनना म्हटलं, "पाठवणारे तेच, तिथे हॉस्टेल चालवणारे तेच, आणि पोरगं जायला ठीक आहे हे सांगणारा डॉक्टरही त्यांच्याच मंडळाचा. हे कुंपणच शेत खायला लागलंय."

डीन हसले. "मॅडम, तुम्ही लातूरच्या. डाळीत काळं शोधल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही."

तरी मी गेले. भाची होती म्हणून गेले. मी नाही गेले तर तिच्या छातीला नळी लावायला दुसरं कुणी तरी येईल, आणि तो कुणाचा माणूस असेल, असं मनात आलं. तपासण्यांमध्ये वजन, रक्तदाब, रक्त, ईसीजी, छातीचा एक्सरे असं सगळं होतं. पोरांना विचारायचं मात्र काहीच नव्हतं. मी सरांना फोन केला आणि म्हटलं, झोप कशी लागते, दचकायला होतं का, एवढं तरी विचारू द्या. ते अतिशय गोड बोलतात. म्हणाले, "मॅडम, असं विचारलं की नसलेला आजारही पोरांना होतो. आपण पॉझिटिव्ह राहू."

शिबिराच्या आदल्या दिवशी मी एसटीने लातूरला ताईकडे उतरले. भाची म्हणजे ताईची लेक, तिकडे परदेशात चौथ्या वर्षाला. माझ्या मांडीवर वाढलेली पोर. मला पोटची मुलगी नाही, तेव्हा काय ते समजून घ्या. तिने गळ्यात पडून माझी पिशवी घेतली, चहा केला, नांदेडची खबरबात विचारली. गुटगुटीत झाली होती, हसतही होती. ईसीजी काढला असता तर पहिला नंबर आला असता.

ताई मात्र स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "हिचं काय तरी येगळंच चालू हाय बग. चांगली खोली हाय, कूलर हाय, आन बया बोळकांडीत गादी टाकून झोपायलीय. हितं गार लागतंय म्हणं."

मी बोळकांडी पाहिली. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधली अरुंद जागा, ताईची इष्टलिंगाची पूजा झाली की जिथे पाट उभा करून ठेवतात ती. तिथे वारा येत नाही. गार लागायचा प्रश्नच नव्हता. खिडकी तर नाहीच. भिंतीपलीकडे खोली, आणि त्या खोलीपलीकडे पुन्हा भिंत.

जेवणं झाल्यावर ताई शेजारी कुणाच्या तरी बारशाच्या तयारीला गेली. मी आतल्या खोलीत लवंडले होते. भाची बोळकांडीत गादीवर बसून फोनवर बोलत होती. अगदी मोकळा, हसरा आवाज. "काकू, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. तिथं सगळं नॉर्मल असतं. आपल्याकडच्या लई मुली आहेत. मी तर आपल्या लातूरचीच आहे ना? काही लागलं तर मी आहे की."

फोन संपला तशी मी जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कोण होतं गं?"

"नवीन ॲडमिशन आहे एक. औशाची मुलगी. तिची आई घाबरायलीय."

"आणि तू काय सांगितलंस?"

"नॉर्मल असतं म्हणून. असतंच मावशी. सायरन वाजला की खाली जायचं, थांबला की वर यायचं. तेच नॉर्मल."

"मग इथे का झोपतेस?"

जणू मला धडा समजावून सांगत असल्यासारखी ती बोलली. बाहेरची जागा आणि आपण यांच्या मधे दोन भिंती हव्यात, तिथे हेच शिकवतात. पहिली भिंत मार झेलते, दुसरी तुकडे अडवते. इथे लातुरात कुणी काही टाकणार नाही हे तिला कळत होतं. पण पाठ टेकली की अंगाला कळत नाही, म्हणाली. खोलीतल्या खिडकीकडे तोंड करून तिला डोळा मिटता येत नव्हता.

मी तिचा हात धरला आणि मग, माझा स्वभाव मला नडतो किंवा तारतो, पुढचं विचारलं. "हे फोन तुला कोण करायला लावतं? आणि तुला काय मिळतं?"

तिने सांगितलं. संस्थेची माणसं ठरवतात, कुठल्या गावच्या आईशी कुणी बोलायचं. औशाच्या बाईला पुण्याची मुलगी चालत नाही, सरांचं बोलणंही चालत नाही, ते विकणारे आहेत हे तिला कळतं. आपल्या भागातली, आपल्या बोलीतली मुलगी बोलली की बाई मान्य करते. आणि मिळतं काय, तर खोली. तिथल्या हॉस्टेलमध्ये खालच्या मजल्यावरच्या खोल्या थोड्या. तळघराच्या जिन्याला लागून. वरच्या मजल्यावरून खाली यायला वेळ लागतो, लिफ्ट वापरायची नाही, वीज गेली की जिन्यात अंधार. जी सीनियर मुलं फोन नीट करतात, त्यांना खालची खोली.

हे ऐकून मला कळेना की हिच्या एक थोबाडीत द्यावी की हिला पोटाशी धरावं. धोका नाही हे सांगायचं बक्षीस काय, तर धोक्यापासून दूरची जागा! एवढं साधं गणित मांडणाऱ्या डोक्याचा मला राग आला. आणि त्याहून जास्त राग वडिलांच्या त्या रिवाजाचा आला. आमच्या मुलखातली माणसं काही भोळी नाहीत. कागदावर विश्वास ठेवत नाहीत, सरकारवर ठेवत नाहीत, डॉक्टरवर तर नाहीच नाही. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं की आपल्या माणसाच्या पोत्यात इथे कुणी हात घालत नाही. म्हणून त्यांनी खडे बरोबर त्याच पोत्यात भरले.

"मागच्या वर्षी कंधारच्या एका काकूंना मी असंच बोलले," भाची म्हणाली. "त्यांची मुलगी आली. वरच्या मजल्यावर राहते. काचा फुटल्या त्या दिवशी मी आधीच खाली पोचले होते. ती नंतर आली, अनवाणी, पायात काचा गेल्या होत्या. मी माझ्या शेजारी तिला जागा धरून ठेवली होती. तर मावशी, ती मला थँक्यू म्हणाली."

एवढं बोलून ती रडायला लागली आणि बराच वेळ रडत राहिली. मीही रडले. मग डोळे पुसून मी सांगितलं की तू परत जात नाहीस, वर्ष गेलं तर जाऊ दे, ताईशी मी भांडते. ती लगेच हो म्हणाली. तिला कुणी तरी नको म्हणायलाच हवं होतं. पण पुढे म्हणाली, "आणि ती कंधारची? तिलाही थांबव ना मावशी. उद्या येणार आहेत त्या दोघी."

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. शाल, नारळ, हार सगळं झालं. संस्थेने भाषणासाठी मला तयार चित्रं दिली होती. त्यातल्या शेवटच्या चित्रात हसणारी मुलं होती. मी ती बाजूला ठेवून माझं बोलले. युद्धात गोळीने माणूस मरतो हे सगळ्यांना दिसतं. पण झोप मोडते, पाळी चुकते, लसी पोचत नाहीत, साखरेच्या माणसाची गोळी संपते, पोरं आवाजाला दचकतात आणि ते दचकणं घरी घेऊन येतात, हे कुणी तपासत नाही. आणि हेही बोलले की तपासणारा कुणाचा आहे, हे आधी विचारा. माझ्याबद्दलही विचारा. म्हटलं आता माइक काढून घेतील. उलट सरांनीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "मॅडमनी किती छान जनजागृती केली! अशा डॉक्टर आपल्यासोबत आहेत म्हणून पालकांनी निश्चिंत राहावं." माझी कुऱ्हाड त्यांनी माझ्याच हातून शालीत गुंडाळून घेतली.

तपासणीला दोन टेबलं मांडली होती. एकावर मी, दुसऱ्यावर माझ्याच विभागातला एक तरुण डॉक्टर, ज्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्याच्या टेबलावर रांग भराभर सरकत होती.

कंधारच्या मायलेकी माझ्याकडे आल्या. आई चाळिशीची, खडखडीत. गावात बांगड्यांचं दुकान चालवत होती. मुलगी बारीक, आईच्या मागे उभी. भाची माझ्या खुर्चीमागे होती. तिला पाहून बाईचा चेहरा उजळला.

"म्याडम, ही तुमची भाची न्हवं? मंग मला काई इचारायचंच न्हाई. मला कागदातलं कळत न्हाई. तुमच्या भाचीचं जे कराल, तेच मपल्या लेकीचं करा. ती जायली तर ही जाईल, ती ऱ्हायली तर ही ऱ्हाईल."

एवढं सोपं झालं होतं. मी म्हटलं, "ती राहतेय. आम्ही पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका."

बाईचं हसू जागच्या जागी थांबलं. "कामून?"

मी सांगायच्या आत भाची पुढे झाली. "काकू, मी मागच्या वर्षी तुम्हाला खोटं बोलले. तिथं नॉर्मल नाही. मला खालची खोली पाहिजे होती म्हणून बोलले. तुमची ही वर राहते, मी खाली राहते. तुम्ही हिला नका पाठवू." एका दमात बोलली. दोन्ही हात छातीशी, गळ्यातल्या इष्टलिंगावर घट्ट धरलेले.

मला तिचा अभिमान वाटला. वाटलं, झालं, आता बाई रडेल, शिव्या देईल, लेकीला घेऊन कंधारची एसटी धरेल.

बाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग मला. नजर ओळखीची होती. ती पोत्यात हात घालत होती.

"तवा खोटं बोललीस म्हन्तीस. मंग आता खरं बोलायलीस कशावरून?"

हा प्रश्न मी आयुष्यभर जगाला विचारत आले, तो माझ्या अंगावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी काहीतरी बोलले, तब्येतीचं, भीतीचं, पायातल्या काचांचं. ती ऐकत होती, पण चेहरा मिटला होता.

"तुमच्या घरात डॉक्टर झालेत, म्याडम. तुमची पोर चार सालं शिकली, तिला हितं बी कुटं तरी चिकटवाल तुमी. मपल्या लेकीनं सोडलं तर तिनं बांगड्या भराव्या मपल्यासंगं. ते सर म्हनून ऱ्हायले समदं ठीक हाय, तुमी म्हन्ता न्हाई. तुमाला दोघान्ला बी आपापलं असंल काई तरी. म्या कुनाचं धरू?"

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "आई, चल." आणि दुसऱ्या टेबलाकडे निघालीही. मी उठून तिचा दंड धरला. तिने हलकेच सोडवून घेतला, उद्धटपणे नाही. "मॅडम, माझं एकच वर्ष झालंय अजून," म्हणाली.

आई तिच्या मागे गेली, रांगेत उभी राहिली आणि थोड्या वेळाने एकटीच परत आली. आता आवाज बदलला होता. भाचीच्या गालावरून हात फिरवला.

"ते ऱ्हाऊ दे, माय. जे झालं ते झालं. तू जायली न्हाईस म्हन्तीस, मंग तुजी ती खालची खोली रिकामी व्हईल न्हवं? ती मपल्या लेकीला दे. तेवडं कर."

म्हणजे तिने आमचं सगळं खरं मानलं होतं. एकूण एक शब्द. खरं मानूनही ती पाठवणार होती, आणि आता लेकीसाठी जेवढं मागता येईल तेवढं मागत होती. भाचीने माझ्याकडे पाहिलं. खोली द्यायचं तिच्या हातात नव्हतं. ती कशी मिळते हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी ती म्हणाली, "सांगते काकू." मी तिला अडवलं नाही.

मी एकाही दाखल्यावर सही केली नाही. त्याने काही अडलं नाही, सगळ्या सह्या दुसऱ्या टेबलावर झाल्या. मी डीनना लेखी कळवलं की हा हितसंबंध गुंतल्याचा प्रकार आहे. त्यांनी मंडळासमोर ठेवतो म्हणून सांगितलं. मंडळावर सर आहेत. भाची आता ताईकडेच आहे, पुढचं काय ते आम्ही बघतोय. हल्ली बोळकांडीतली गादी कधीकधी खोलीच्या दारापर्यंत येते.

परवा नांदेडला आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या मावशी पेढे घेऊन आल्या. त्यांच्या भावाची मुलगी लोह्याची, परदेशी डॉक्टरकीला चालली होती, त्याच देशात. मी पेढा हातात तसाच धरून विचारलं, तिकडे लढाई चालू आहे, तुम्हाला भीती नाही वाटली?

"लई वाटली की, म्याडम. भाऊ तर तयारच नव्हता. पर मंग भावजयीला तितल्या एका पोरीचा फोन आला. आपल्या कंधारची हाय. लई गोड बोलली बिचारी. म्हनली, काकू, काई टेन्शन घेऊ नका, हितं समदं नॉर्मल असतंय."